बियाण्यांचा राखणदार

रविवारी सकाळी मंडईतून भरून आणलेली पिशवी रिकामी केली, की स्वयंपाकघराच्या ओट्यावर निम्मे जग पसरते. बटाटा आणि टोमॅटो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या परिसरातले. मिरची मेक्सिकोकडची. कोबी भूमध्य समुद्राच्या काठचा. कांदा, लसूण आणि गाजर यांचे माहेर मध्य आशियात. वांगे आणि काकडी तेवढी आपल्या मुलखातली. उपवासाच्या दिवशी तर याहून गंमत. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळे आणि हिरवी मिरची, यांपैकी एकही वस्तू कोलंबसाच्या आधी आपल्याकडे कोणी पाहिलेली नव्हती. बटाटा हा शब्ददेखील पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरलेला. तरीही या सगळ्या पाहुण्यांना आपल्या आज्या-पणज्यांनी उपवासाच्या पानात मानाने बसवले आणि कांद्याला मात्र बाहेर ठेवले!

कोणती भाजी मुळात कुठली, कोणते धान्य कोणत्या डोंगरातून खाली उतरले, याचा नकाशा ज्याने पहिल्यांदा पद्धतशीर मांडला, त्या माणसाचे नाव निकोलाय इवानोविच वाव्हिलोव्ह. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ. भाजीपाला, धान्य, फळे अशा पिकांच्या बियाण्यांचा त्याच्या काळातला जगातला सर्वांत मोठा साठा त्याने जमवला. पुढच्या पिढ्यांनी उपाशी राहू नये, हा त्यामागचा हेतू. हा माणूस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तुरुंगात उपासमारीने मेला. त्याने जमवलेले बियाणे मात्र वाचले. ते कसे वाचले, हीदेखील त्याच्याच चरित्राची गोष्ट आहे.

व्यापाऱ्याचा मुलगा

वाव्हिलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्कोत झाला. वडील इवान इल्यिच खेडेगावातून शहरात आलेले. कापडाच्या व्यापारात कष्टाने वर चढत ते एका मोठ्या पेढीचे संचालक झाले होते. मुलांनी आपली गादी चालवावी, ही त्यांची इच्छा असणे स्वाभाविक होते. म्हणून निकोलायला व्यापारी शिक्षणाच्या शाळेत घातले. पण दोन्ही मुलांनी वडिलांची निराशा केली. थोरला निकोलाय वनस्पतींकडे वळला. धाकटा सर्गेई पदार्थविज्ञानात गेला. हे सर्गेई पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहेत, म्हणून त्यांचे नाव लक्षात ठेवायचे.

रशियात त्या काळी दर काही वर्षांनी दुष्काळ पडे. निकोलाय चार वर्षांचा असताना, १८९१-९२ साली, व्होल्गा नदीच्या खोऱ्यात फार मोठा दुष्काळ पडला होता. अशा देशात शेतीशास्त्र शिकायला निघालेल्या मुलापुढे प्रश्न शोधत बसण्याची वेळ येत नाही. मॉस्कोच्या कृषी संस्थेत त्याने पहिले संशोधन केले ते शेतातल्या गोगलगायींवर. पिके खाणाऱ्या या किडीपासून सुरुवात करून तो रोगांना तोंड देणाऱ्या वाणांकडे वळला. एकाच शेतात एक झाड रोगाने झोपते आणि शेजारचे टवटवीत राहते, हे कसे? या प्रश्नाने त्याला जन्मभर सोडले नाही.

१९१३ मध्ये वाव्हिलोव्ह इंग्लंडला गेले. तिथे जॉन इन्स उद्यानविद्या संस्थेत विल्यम बेटसन यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. मेंडेल या पाद्र्याने मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे वाढवून आनुवंशिकतेचे जे नियम शोधले होते, ते पस्तीस वर्षे विस्मरणात पडून राहिले होते. ते १९०० साली पुन्हा उजेडात आल्यावर इंग्लंडात त्यांचा झेंडा खांद्यावर घेतला तो बेटसन यांनी. वाटाण्याच्या शेंगेतून निघालेले हे शास्त्र वाव्हिलोव्ह यांनी गुरूकडून घेतले. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ते मायदेशी परतले.

१९१६ मध्ये त्यांच्याकडे एक विचित्र काम आले. इराणात असलेल्या रशियन सैनिकांना भाकरी खाल्ली की झिंग येई, चक्कर येई. वाव्हिलोव्ह यांनी जाऊन पाहिले, तर गव्हात एका विषारी तणाचे बी मिसळलेले होते आणि त्यावर बुरशीही होती. काम संपले, पण ते परत फिरले नाहीत. पुढे पामीरच्या डोंगराळ मुलखात जाऊन त्यांनी तिथली स्थानिक पिके गोळा केली. प्रवास आणि पिशवीत बियाणे, हा क्रम तिथून सुरू झाला.

मूळ गावाचा शोध

१९१७ मध्ये, क्रांतीच्या वर्षी, वाव्हिलोव्ह व्होल्गाकाठच्या सारातोव्ह शहरात प्राध्यापक झाले. १९२० मध्ये याच शहरात भरलेल्या परिषदेत त्यांनी आपला पहिला मोठा सिद्धान्त मांडला. तो सोपा करून सांगायचा, तर असा. कलिंगड, खरबूज, भोपळा ही एकाच कुळातली मंडळी. त्यांतल्या एकात गोल आणि लांबट, गुळगुळीत आणि खरबरीत, पट्ट्यांचे आणि साधे असे प्रकार सापडले, तर दुसऱ्यातही तसेच प्रकार असणार, ही खात्री धरून शोधायला निघावे. सख्ख्या-चुलत भावंडांत नाकाची ठेवण जशी फिरून फिरून दिसते, तसे हे. एखादा प्रकार आज हाती नसला, तरी तो कुठेतरी असणार. ऐकणाऱ्यांना मेंडेलिएफने मूलद्रव्यांच्या तक्त्यात सोडलेल्या रिकाम्या घरांची आठवण झाली.

हा सिद्धान्त मांडला गेला, आणि पुढच्याच वर्षी व्होल्गाचे खोरे पुन्हा दुष्काळाने होरपळले. १९२१-२२ च्या त्या दुष्काळात सुमारे पन्नास लाख माणसे मेली, असे मानले जाते. वाव्हिलोव्ह त्याच सुमारास पेत्रोग्राडला, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडला, उपयोजित वनस्पतिशास्त्राच्या कार्यालयाचे प्रमुख म्हणून गेले. इमारत थंडीने गारठलेली, माणसे अर्धपोटी. तिथून त्यांनी जी संस्था उभी केली, ती वीस वर्षांत जगात पहिल्या क्रमांकाची ठरली.

आता तो नकाशा. पिकाचे जन्मस्थान कसे शोधायचे? आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिणारी मंडळी काय करतात, ते आठवून पाहा. एखाद्या आडनावाची चार घरे पुण्यात, दोन नागपुरात, एक बडोद्यात सापडतात. पण कोकणातल्या ज्या गावात त्या आडनावाच्या वरच्या आळीत पाच शाखा, खालच्या आळीत सात, भाऊबंदकीचे दावे आणि देवळाच्या मानाची भांडणे सापडतात, तेच त्यांचे मूळ गाव, असे ते धरतात. वाव्हिलोव्ह यांचा विचार याच जातीचा होता. जिथे एका पिकाचे सर्वांत जास्त प्रकार आणि त्याचे रानटी भाईबंद सापडतील, तिथे ते पीक जन्मले असावे. १९२६ मध्ये त्यांनी हा विचार ग्रंथरूपाने मांडला आणि त्यांना लेनिन पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी अशी आठ केंद्रे सांगितली. चीन, भारत, मध्य आशिया, पश्चिम आशिया, भूमध्य समुद्राचा काठ, इथिओपिया, मेक्सिको-मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिका. जास्त विविधता म्हणजे जन्मस्थानच, असे नेहमी नसते, ही दुरुस्ती नंतरच्या अभ्यासकांनी केली. पण बियाणे शोधायला कुठे जावे, यासाठी आजही त्यांचाच नकाशा उघडतात.

हा नकाशा त्यांनी टेबलाशी बसून काढला नव्हता. १९२४ मध्ये घोड्यांच्या काफिल्याबरोबर त्यांनी अफगाणिस्तान पालथा घातला. १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतालचे देश आणि इथिओपिया. १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान, कोरिया. त्याच वर्षी अल्मा-आताच्या डोंगरउतारांवर त्यांनी सफरचंदाची रानेच्या राने पाहिली आणि सफरचंदाचे मूळ घर इथेच, हे ओळखले. १९३० मध्ये मेक्सिको, १९३२-३३ मध्ये पेरू, बोलिव्हिया, चिली. रात्री चार-पाच तासांची झोप त्यांना पुरे. खेड्याच्या बाजारात शिरायचे, बायाबापड्यांनी फडक्यात बांधून आणलेले मूठमूठ बी विकत घ्यायचे, पुडीवर गाव, उंची आणि पिकाचे स्थानिक नाव लिहायचे, आणि पुढच्या गावची वाट धरायची. शहरातल्या बियाण्यांच्या दुकानात मिळते ते त्यांना नको होते. जे कोणी विकत घेत नाही, जे एखाद्याच खोऱ्यात उरले आहे, ते हवे होते.

वाव्हिलोव्ह स्वतः भारतात आले नाहीत. त्यांचे सहकारी मार्कोविच १९२६ ते २८ च्या दौऱ्यात येऊन गेले. दुसरे सहकारी बुकासोव्ह आणि युझेपचुक अमेरिका खंडात बटाट्याच्या मागावर गेले. युरोपच्या शेतांत तोवर बटाट्याची एकच जात होती. १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये करपा पडून बटाट्याचे पीक गेले आणि सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याचे एक कारण हेच होते, की शेतातले सगळे बटाटे जवळजवळ एकाच घडणीचे होते. या दोघांनी अँडीजच्या शेतांतून आणि मेक्सिकोच्या रानांतून बटाट्याच्या कित्येक जाती आणल्या. त्यांतल्या काही रानटी जाती खाण्याच्या लायकीच्या नव्हत्या, पण करप्याला दाद देत नव्हत्या. संकर करताना नेमके हेच बळ उपयोगी पडते. १९४० पर्यंत संस्थेच्या साठ्यात सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले होते.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे बीजपेढी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला तो फार चपखल वाटला. पण नीट पाहिले, तर ही पेढी आमच्या पेढीपेक्षा कठीण. आमच्याकडे ठेव ठेवली, की ती तिजोरीत निवांत पडून असते. बियाण्याची ठेव पडून राहिली, की मरते. काही वर्षांनी ते पेरावे लागते, नवे बी धरावे लागते, शेजारच्या वाणाशी मिसळ होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. बटाट्याचे कंद तर दर वर्षी लावावे लागतात. एक हंगाम चुकला, की खाते बंद! आणि या पेढीचा ठेवीदार अजून जन्मलेला नसतो. कोणती ठेव कधी उपयोगी पडेल, हे आज कोणालाच सांगता येत नाही.

घाईचा काळ

वाव्हिलोव्ह यांच्या शास्त्राची एक अडचण होती. त्याला वेळ लागे. चांगले वाण तयार करायला दहा-बारा वर्षे लागतात, आणि स्टालिनला तेवढा धीर नव्हता. सक्तीच्या सामुदायिक शेतीने खेडी मोडून पडली होती. १९३२-३३ मध्ये युक्रेन आणि आसपासच्या मुलखात लाखो माणसे उपासमारीने मेली होती. सरकारने १९३१ मध्येच फर्मान काढले होते, की नवी वाणे चार-पाच वर्षांत हवीत.

अशा वेळी त्रोफिम लिसेंको पुढे आला. युक्रेनमधल्या शेतकरी घरातला, वाव्हिलोव्ह यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. बी भिजवून थंडीत ठेवले, की पीक लवकर येते, या प्रयोगाने तो गाजला. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सुरुवातीला वाव्हिलोव्ह यांनीच त्याला हात दिला. निरनिराळ्या देशांतल्या वाणांना एकाच वेळी फुलोरा आणता आला, तर संकर सोपा होईल, म्हणून त्यांना या प्रयोगात रस वाटला. त्यांनी त्याची तारीफ केली, त्याच्या नावाची शिफारसही केली. गरीब घरातून आलेल्या होतकरू माणसाला वर काढावे, ही त्यांची वृत्ती. हा माणूस पुरावा मागितला की टाळतो, आकड्यांत न बसणारे दावे करतो, हे त्यांना कळले, तोवर तो फार वर पोहोचला होता.

लिसेंको आनुवंशिकता मानीत नसे. परिस्थिती बदलली, की वनस्पतीचा स्वभाव बदलतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो, असे तो सांगे. दक्षिणेकडच्या उष्ण भागात बटाट्याचे बेणे वर्षागणिक खालावत जाई. त्याचे कारण उन्हाने बटाटा म्हातारा होतो, असे लिसेंकोने ठरवले आणि लागवड उन्हाळ्यात उशिरा करण्याचा उपाय काढला. खरे कारण विषाणू होते. पण कारण शोधायला वेळ लागतो, उपाय जाहीर करायला लागत नाही. १९३५ मध्ये क्रेमलिनमधल्या एका मेळाव्यात लिसेंकोने आपल्या विरोधकांना शेतीचे शत्रू ठरवणारे भाषण केले, आणि खुद्द स्टालिनने भर सभेत त्याला शाबासकी दिली. समजणारे काय ते समजले.

त्याच वर्षी वाव्हिलोव्ह यांना कृषी अकादमीच्या अध्यक्षपदावरून दूर व्हावे लागले. १९३८ मध्ये त्या खुर्चीवर लिसेंको बसला. मॉस्कोत १९३७ मध्ये भरायची आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषद रद्द झाली होती. ती १९३९ मध्ये एडिंबरोला भरली, तेव्हा जगातल्या शास्त्रज्ञांनी वाव्हिलोव्ह यांना अध्यक्ष निवडले, पण सरकारने त्यांना जाऊ दिले नाही. देशातले सहकारी एकेक करून उचलले जात होते. वाव्हिलोव्ह उघड सभांतून बोलत राहिले. लिसेंकोचे म्हणणे शास्त्राला धरून नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतले नाही.

६ ऑगस्ट १९४० रोजी ते पश्चिम युक्रेनमधल्या चेर्नोव्हत्सी गावाजवळ बियाणे गोळा करीत होते. संध्याकाळी एका काळ्या मोटारीतून माणसे आली आणि मॉस्कोत तातडीचे काम आहे, असे सांगून त्यांना घेऊन गेली. मागे राहिलेल्या त्यांच्या पिशवीत सहकाऱ्यांना त्या दिवशी गोळा केलेला जुन्या, दुर्मीळ जातीचा गहू सापडला. त्यांच्या संग्रहातली ती शेवटची भर.

शेकडो तास चौकशी झाली. हेरगिरी, शेतीची नासधूस, असे आरोप ठेवले गेले. ९ जुलै १९४१ रोजी काही मिनिटांच्या सुनावणीत त्यांना देहान्ताची शिक्षा झाली. त्यांचे सहकारी गिओर्गी कार्पेचेंको यांना त्याच महिन्यात गोळ्या घातल्या गेल्या. कार्पेचेंको यांनी मुळा आणि कोबी यांचा संकर करून दाखवला होता. वर कोबीचा गड्डा आणि खाली मुळा, अशी दुहेरी भाजी मिळावी, ही आशा होती. निघाले उलटेच, ना धड मुळा ना धड कोबी! पण दोन वेगळ्या प्रजातींपासून वंश चालवणारी नवी वनस्पती निर्माण होऊ शकते, हे त्या फसलेल्या भाजीने सिद्ध केले आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात तिला कायमची जागा मिळाली.

जर्मन सैन्य मॉस्कोजवळ आले, तेव्हा ऑक्टोबर १९४१ मध्ये कैद्यांना हलवण्यात आले. वाव्हिलोव्ह यांना नेले ते सारातोव्हला. चोवीस वर्षांपूर्वी ज्या शहरात ते तरुण प्राध्यापक म्हणून शिकवीत होते, त्याच शहराच्या तुरुंगात. कोठडीत हवा नव्हती, आहार जेमतेम होता. तिथेही त्यांनी सोबतच्या कैद्यांना शास्त्राचे पाठ दिले. १९४२ मध्ये फाशीची शिक्षा बदलून वीस वर्षांची कैद झाली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सभासद करून घेतले. वाव्हिलोव्ह कुठे आहेत, हे तिला ठाऊक नव्हते.

ते त्यांच्या पत्नीलाही ठाऊक नव्हते. येलेना बारुलिना या स्वतः मसुरीच्या अभ्यासक. युद्धामुळे त्या लहानग्या युरीला घेऊन आपल्या माहेरच्या गावी, म्हणजे सारातोव्हलाच आल्या होत्या. नवरा मॉस्कोच्या तुरुंगात आहे, या समजुतीने त्या आपल्या तुटपुंज्या शिध्यातून वाचवलेले खाण्याचे पुडके मॉस्कोला पाठवीत राहिल्या. नवरा त्याच गावात उपाशी होता. २६ जानेवारी १९४३ रोजी वाव्हिलोव्ह मरण पावले. सामुदायिक दफनभूमीत त्यांना पुरले गेले.

तळघरातले बटाटे

इकडे लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा पडला होता. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४, असे ८७२ दिवस. पहिल्या हिवाळ्यात कारकून आणि घरी बसलेल्या माणसांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, आणि त्यातही भेसळ. शहरात लाखो माणसे भुकेने मेली. सेंट आयझॅक चौकातल्या वाव्हिलोव्ह यांच्या संस्थेत मात्र कित्येक टन धान्य, शेंगा, डाळी आणि बटाटे होते.

संस्थेचे प्रमुख तुरुंगात, त्यांचे नाव काढण्याची सोय नाही, आणि त्यांचे शास्त्र सरकारदरबारी खोटे ठरलेले. तरीही तिथली माणसे कामाला लागली. पाव्हलोव्स्कच्या प्रायोगिक शेतावर अँडीजहून आणलेल्या बटाट्यांची लागवड होती. तोफांचे गोळे पडत असताना अब्राम कामेराझ आणि ओल्गा वोस्क्रेसेन्स्काया यांनी ते कंद उकरून शहरात आणले. पुढे कामेराझ सैन्यात गेले. मग वोस्क्रेसेन्स्काया आणि वादिम लेख्नोविच यांनी तळघरातल्या त्या बटाट्यांची राखण केली. बाहेर कडाक्याची थंडी. कंद गोठला, की मेला. म्हणून मिळेल ते जाळून तळघर उबदार ठेवायचे. उंदीर होते, आणि भुकेली माणसेही होती. त्या दोघांना दिवसातून अनेकदा त्या बटाट्यांजवळ जावे लागे, आणि तसेच परत यावे लागे.

सगळेच तगले नाहीत. भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव्ह हजारो तांदळाच्या पुड्यांमध्ये उपासमारीने मेले. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन गेले. ओटच्या संग्रहाच्या लिलिया रोदिना गेल्या. आणखीही बरेच गेले. या माणसांना कोणी शपथ घातली नव्हती. मूठभर तांदूळ उकळून घेतले असते, तर जगात कोणी त्यांना दोष देऊ शकला नसता. पण ती मूठ म्हणजे एखाद्या खोऱ्यातला शेवटचा वाण असू शकतो, हे त्यांना वाव्हिलोव्ह यांनी शिकवले होते.

१९४२ च्या वसंतात शहरात मोकळी जागा दिसेल तिथे भाज्या लावल्या गेल्या. सेंट आयझॅक चर्चच्या समोर, जिथे फुलांचे ताटवे असत, तिथे कोबीचे गड्डे धरले. संस्थेच्या माणसांनी शहरवासीयांना लागवड शिकवली. वेढा उठला, तेव्हा साठ्याचा मोठा भाग शाबूत होता.

१९४५ मध्ये स्टालिनने सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या अध्यक्षपदी एका पदार्थविज्ञानाच्या पंडिताची नेमणूक केली. ते होते सर्गेई वाव्हिलोव्ह. थोरल्या भावाला ज्या राजवटीने मारले, तिच्याच विज्ञानसंस्थेचा कारभार धाकट्याने १९५१ मध्ये मरेपर्यंत पाहिला. त्यांच्या मनात काय चालले असेल? बरेच जण त्यांना नावे ठेवतात. बरेच जण म्हणतात, की ते नसते तर लिसेंकोचाच कोणी माणूस तिथे बसला असता. मला यात निकाल देता येत नाही. स्टालिन मेल्यावर, १९५५ मध्ये निकोलाय वाव्हिलोव्ह निर्दोष ठरले. लिसेंकोची सद्दी १९६५ पर्यंत चालली. आज ती संस्था वाव्हिलोव्ह यांच्या नावाने ओळखली जाते, आणि तिच्याकडे तीन लाखांहून अधिक नमुने आहेत.

परभणीची भेंडी

हे सगळे दूरदेशीचे वाटत असेल, तर भेंडीचे उदाहरण घ्या. भेंडीवर केवडा पडतो. पानांच्या शिरा पिवळ्या होतात, फळ फिकट आणि राठ होते, आणि शेतकऱ्याचा हंगाम बुडतो. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा हा विषाणूजन्य रोग. दिल्लीच्या पुसा संस्थेतले डॉ. हरभजन सिंग यांनी बंगालमधला रोगाला दाद न देणारा एक वाण शोधून, त्याच्या संकरातून 'पुसा सावनी' ही भेंडी तयार केली. ती देशभर पसरली. काही दशकांत तिची ताकद ओसरली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात 'पुसा सावनी'शी पश्चिम आफ्रिकेतल्या घानाहून आलेल्या तिच्या एका लांबच्या नातलगाचा संकर केला आणि 'परभणी क्रांती' हे वाण दिले. घानातली ती वनस्पती कोणी उचलून जपली नसती, तर मराठवाड्यात त्या वर्षांत भेंडीचे काय झाले असते? पुढे 'परभणी क्रांती'चीही प्रतिकारशक्ती कमी झाली. रोग बदलतो, हवा बदलते, आणि पुन्हा पेढीत जाऊन जुने कपाट उघडावे लागते. भाजीपाल्याच्या संशोधनात कायमचा विजय नसतो. कपाट भरलेले असणे, एवढेच हातात असते.

आपल्याकडे दिल्लीत १९७६ मध्ये राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा ब्यूरो स्थापन झाला. त्याच्याकडे साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, बर्फाळ डोंगराच्या पोटात, २००८ पासून जगातल्या बियाण्यांची राखीव ठेव जमते आहे. वाव्हिलोव्ह यांच्या संस्थेला मात्र शांततेच्या काळातही पहारा सुटला नाही. २०१० मध्ये पाव्हलोव्स्कच्या शेतजमिनीवर घरे बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांना आरडाओरडा करून ती वाचवावी लागली. जर्मन सैन्याच्या वेढ्यातून तरलेले काम बिल्डरच्या हाती संपायची वेळ आली होती!

आपल्या खेड्यांत हे राखणीचे काम बायकांनी केले. पहिली मोठी काकडी बियाण्यासाठी वेलावरच पिकू द्यायची, तिचे बी राखेत घोळवून मडक्यात ठेवायचे किंवा शेणात थापून भिंतीला चिकटवायचे, आणि पोरे कितीही रडली तरी त्या दोडक्याला हात लावू द्यायचा नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी भाज्या आणि धान्यांचे बी असेच जमवले, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारख्यांच्या घरातूनच तर वाव्हिलोव्ह यांनी पाच खंडांत मूठमूठ बी मागून आणले होते. पुडीवर ते गावाचे नाव लिहीत, पण ज्या बाईने ते बी वर्षानुवर्षे धरून ठेवले, तिचे नाव बहुतेक वेळा कुठेच लिहिले गेले नाही.